हात क्रमांक एक

मेश्रामसाहेब आमच्या घरी पहिल्यांदा आले ते माझ्या सासूबाईंचा हात मागायला.

सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. मी दार उघडलं तर समोर कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायांत पॉलिश केलेले बूट आणि काखेत एक लाकडी खोका. "नमस्कार. मी वरच्या मजल्यावर नवीन राहायला आलोय, मेश्राम. आपल्याकडे पंचाहत्तरीच्या पुढचा एखादा उजवा हात मिळेल का? दहा मिनिटं लागतील."

आता यावर माणसानं काय बोलावं? पण आतून सासूबाईंनी ऐकलं होतं. त्यांचे कान या वयातही, नको तिथे, उत्तम चालतात. "मिळेल," त्या म्हणाल्या, "पण आधी हातात काय देणार ते सांगा."

खोक्यात निघाली एक काचेची बरणी. पाटाला घट्ट बसवलेली. तिच्या झाकणाला आडवी पट्टी आणि पट्टीच्या टोकाला ताणकाटा. झाकण फिरवायचं, की काटा सरकतो आणि किती जोर लावला ते कळतं. सगळं त्यांनी घरीच बनवलेलं. "मी काय भाजी आहे का, मला काट्यावर घालायला?" असं म्हणत सासूबाईंनी पदर खोचला आणि झाकण फिरवलं. तीनदा फिरवायचं होतं. त्यांनी ईर्ष्येनं चौथ्यांदाही फिरवलं.

"चौथं धरता येणार नाही," साहेब वहीतून मान वर न काढता म्हणाले. "तीनच ठरलेत."

"अहो, पण चौथं जास्त आलंय!"

"म्हणूनच."

वहीत नोंद झाली, 'हात क्रमांक सतरा'. नाव नाही, गाव नाही. सासूबाई पुढे महिनाभर खाली बाकावर बसून सगळ्यांना सांगत होत्या, "मी सतरा नंबर."

मेश्रामसाहेब मूळचे भंडाऱ्याकडचे. तरुणपणी नोकरीसाठी पुण्यात आले आणि एका कारखान्यात अडतीस वर्षं माल तपासत राहिले. पास की नापास, एवढंच काम. पुण्यात राहून बोलणं अगदी छापील झालेलं. फक्त रागावले किंवा आतून हलले, की 'काहून' आणि 'नं' बाहेर येत. ते फार क्वचित येत.

त्यांचं एक पालुपद होतं, "अंदाज नको, माप सांगा." दूधवाल्यापासून सोसायटीच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांना तेच. एकदा डिसेंबरात सासूबाई सहज म्हणाल्या, "काय गारठा पडलाय नाही?" माणूस 'हो ना' म्हणून पुढे जातो. हे वर गेले, तापमापक घेऊन आले, पाच मिनिटं आमच्या गॅलरीत उभे राहिले आणि म्हणाले, "अठरा. गारठा म्हणता येणार नाही." सासूबाईंनी शाल आणखी घट्ट ओढून घेतली आणि म्हणाल्या, "तुमच्या यंत्राला सांधे नाहीत."

लग्नाच्या पंक्तीत कुणी विचारलं, जेवण कसं झालं, की हे विचारणार, "कोणत्या बाबतीत?" सोसायटीच्या सभेला ते एकदा लिफ्ट अडकल्यामुळे दहा मिनिटं उशिरा आले. इतिवृत्तात 'सर्व सदस्य उपस्थित' लिहिलेलं पाहून त्यांनी सही केली आणि खाली लिहिलं, 'पहिली दहा मिनिटे वगळून.' सेक्रेटरी म्हणाला, "अहो साहेब, कोण बघतंय?" साहेब म्हणाले, "मी होतो नं तिथे. म्हणजे, नव्हतो."

मी एका शाळेच्या कचेरीत आयुष्यभर कारकुनी केलेली बाई. असला काटेकोरपणा मला वैताग आणतो आणि आवडतोही. त्यामुळे टायपिंगचं काही असलं, की ते माझ्याकडे येऊ लागले आणि त्यातूनच या झाकणांचं मूळ मला कळलं.

तर झालं होतं असं. बाजारात ज्या बरण्या नि बाटल्या येतात ना, आट्यांच्या झाकणाच्या, त्यांचं झाकण किती घट्ट असावं याचा नियम ठरवणारी एक समिती असते. मला तरी हे ठाऊक नव्हतं. माझी समजूत, झाकण हे देवाच्या मर्जीनं उघडतं किंवा उघडत नाही. पण नाही, माणसं वर्षानुवर्षं बसून त्यावर चर्चा करतात. सभा ऑनलाइन होतात. एका ग्राहक मंडळाच्या वतीनं मेश्रामसाहेब तिथे निरीक्षक म्हणून बसत.

"निरीक्षक म्हणजे?"

"ऐकायचं. परवानगी घेऊन सूचना मांडायची. त्यावर ते लिहितात, 'नोंद घेतली.'"

"मग झालं की!"

"ताई, 'नोंद घेतली' म्हणजे काहीच घेतलं नाही. ज्याला मताचा अधिकार असतो, त्यानं मसुद्याला नकार दिला, की समितीला त्याचं लेखी उत्तर द्यावंच लागतं. टाळता येत नाही. मला ते उत्तर पाहिजे."

आणि मताचा अधिकार असा हातात पडत नाही. लागोपाठ तीन सभा बसायचं. पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत. एक चुकली, की पुन्हा एकपासून. साहेबांच्या पूर्वी दोन सभा झाल्या होत्या, तिसरी चुकली आणि सगळं पाण्यात गेलं. आता त्यांनी नव्यानं सुरुवात केली होती. तिसरी का चुकली, विचारलं तर म्हणाले, "वैयक्तिक कारण." आणि वहीत डोकं घातलं.

सभेच्या दिवशी त्यांच्या दारावर पाटी लागे, 'सभा चालू. बेल वाजवू नये. आग लागली असल्यास जोरात वाजवावी.' सासूबाई म्हणाल्या, "माणूस भंडाऱ्याचा, पण पाटी थेट सदाशिव पेठेतली!" पाटीच्या आत, ते सांगत त्याप्रमाणे, साहेब टाय लावून, बूट घालून, कॉम्प्युटरसमोर तीन तास ताठ. सकाळपासून पाणी घोटभरच, म्हणजे मधे उठायला नको. कॅमेरा बंद ठेवायला परवानगी असते, हे मी त्यांना सांगून पाहिलं. "हजेरी म्हणजे हजेरी," म्हणाले.

अशा दोन सभा निर्विघ्न पार पडल्या. तिसरी आली ती नेमकी गुरुवारी.

पुण्यात राहणाऱ्याला गुरुवारचं वेगळं सांगायला नको. दुरुस्तीसाठी पाणी जायचं ते गुरुवारी, वीज जायची ती गुरुवारी. बुधवारी संध्याकाळी मोबाइलवर निरोप आला, उद्या आमच्या धायरीत सकाळी नऊ ते चार वीज बंद. साहेब जिना उतरून आमच्या दारात आले. चेहरा पार उतरलेला. खोका काखेत होताच.

"ताई, सभा अकराला आहे."

त्यांचा तो चेहरा पाहून मला एकदम भडभडून आलं. पण मी तसं दाखवणाऱ्यातली नाही. म्हटलं, "उद्या साडेनऊला खाली या. कात्रजला माझ्या धाकट्या बहिणीकडे जाऊ. नंदाकडे वीज जात नाही, आणि गेली तर ती बोलून बोलून परत आणते."

दुसऱ्या दिवशी माझ्या स्कूटरवर मागे मेश्रामसाहेब. डोक्याला हेल्मेट, गळ्यात टाय, मांडीवर खोका, पाठीला लॅपटॉपची पिशवी. बायपासवर ट्रक धडधडत जाताहेत आणि मागून आवाज, "ताई, आपला ब्रेक अंमळ उशिरा लागतो."

"अंदाज नको, माप सांगा!" मी ओरडले. त्यानंतर कात्रज येईपर्यंत मागून चकार शब्द नाही.

नंदानं जेवणाचं टेबल रिकामं करून ठेवलं होतं. सव्वादहाला साहेब कॉम्प्युटर उघडून तयार. नंदानं तीनदा पोहे विचारले, तीनदा नको झालं. मी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले. पुढचे तीन तास मी जे ऐकलं, त्यातलं अर्धं इंग्रजी, पाव हिंदी आणि उरलेलं आट्यांबद्दल होतं. पण माणसं सभ्य होती. अध्यक्षबाई प्रत्येकाला नावानं बोलवत होत्या.

शेवटचा अर्धा तास राहिला तेव्हा त्या म्हणाल्या, "मेश्रामजींची ही सलग तिसरी सभा आहे. आजची सभा संपली, की ते मतदार सदस्य होतील. अभिनंदन." पडद्यावरच्या दहा-बारा चौकोनांनी टाळ्या वाजवल्या. नंदानं स्वयंपाकघरातून वाजवल्या. साहेबांनी जागेवरूनच किंचित मान झुकवली. मला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

तेवढ्यात पडद्यावर एक तक्ता आला. साहेबांनी मोजलेल्या हातांचा. बरण्या बनवणाऱ्यांच्या बाजूचे एक गृहस्थ बोलू लागले. अगदी गोड बोलणारे. ते म्हणाले, "मेश्रामजींनी फार मेहनत घेतलीय. फक्त हे पहिलं माप बघा, हात क्रमांक एक. बाकी सगळ्यांच्या निम्म्यापेक्षाही कमी आहे. चुकूनच आलं असणार. ते वगळलं, की बाकीची यादी छान जुळते, आणि आपण ठरवलेला आकडा बरोबर बसतो. झाकण फार सैल केलं तर प्रवासात तेल गळतं, याचाही विचार करायला हवा."

अध्यक्षबाईंनी विचारलं, कुणाची हरकत? कुणाचीच नव्हती.

साहेबांचा हात माउसकडे गेला आणि तिथेच थांबला. मी कोपऱ्यातून खुणा केल्या, अहो बोला की! त्यांनी टेबलावरच्या कागदावर लिहून कागद माझ्याकडे सरकवला. 'सभा संपेपर्यंत मी निरीक्षकच.' कर्म माझं! असला माणूस मी जन्मात पाहिला नाही. सूचना मांडली तर 'नोंद घेतली' होऊन विषय संपेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून ते गप्प बसले. पहिलं माप वगळून मसुदा मतदानाला पाठवायचा ठरला आणि सभा संपली.

नंदानं हौसेनं शिरा केला होता. साहेब हातात बशी धरून बसले. चमचा उचलेनात.

"अहो, मिळाला ना अधिकार? मग आता काय झालं?"

"ते पहिलं काढून टाकताहेत."

"मग? टोकाचं असेल तर काढायचंच असतं, असं तुम्हीच मला सांगितलंय."

"हो. अडतीस वर्षं मीच काढत आलो." ते बशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ते शीलाचं आहे."

शीला म्हणजे त्यांची बायको. ते आमच्याकडे राहायला येण्याआधीच ती गेली होती. एवढंच मला माहीत होतं, आणि मी कधी खोदून विचारलं नव्हतं.

"तिचे सांधे धरले होते. बोटं वाकडी झाली होती. औषधाची बाटली, लोणच्याची बरणी, कशाचंच झाकण उघडेना. मला हाक मारायची. मी पेपर वाचत असायचो. म्हणायचो, जोर लाव नं जरा. एवढंसं तर झाकण. ती म्हणायची, नाही हो लागत. मी म्हणायचो, मनावर घेत नाहीस तू." नंदा ओट्याशी तशीच उभी राहिली. "वर्षभर, ताई. वर्षभर मी तिला असं म्हणत होतो. मग एकदा सहज म्हणून काटा लावून पाहिला. तिनं दात ओठ खाऊन फिरवलं. घाम आला तिला. अन् काटा एवढासा सरकला. मला वाटलं, काटाच बिघडला. दुसरा लावला. तोही तेवढाच."

मी माझी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"मग रोज सकाळी मोजलं. ती म्हणायची, कशाला मोजता, उघडून द्या नं फक्त. मी उघडून देत होतोच. पण मला वाटायचं, हे कागदावर यावं. बाहेरगावी माल पाठवायचा असला तर आम्ही काय काय तपासायचो! काहून घरातलं माणूस खरं बोलतं, हे मला तपासल्याशिवाय पटलं नाही?" त्यांनी चमचा बशीच्या कडेला सरकवला. "मागच्या वेळी तिसरी सभा होती, त्या दिवशी ती दवाखान्यात होती. मला म्हणाली, जा घरी, सभेला बसा, तुमचा नंबर जाईल. मी नाही गेलो. तेवढं एक बरं केलं."

नंदानं पदर डोळ्यांना लावला. मी त्यांच्या हातातली बशी काढून घेतली. शिरा गार होऊन गेला होता.

पंधरा दिवसांनी मतपत्रिका आली. साहेब ती घेऊन टायपिंगला माझ्याकडे आले. 'नकार'वर खूण झाली. कारणाच्या रकान्यात त्यांनी मला अगदी कोरडं सांगितलं, लिहा. "माप रोज घेतले होते. काटा दोनदा तपासला होता. हात आजारी होता, माप चुकीचे नव्हते. असे हात असलेली माणसेही बरण्या वापरतात." मी लिहिलं. त्याखाली आणखी एक रकाना होता. 'मोजणाऱ्याचे मोजलेल्या व्यक्तीशी नाते असल्यास नमूद करावे.'

मी म्हटलं, "हे रिकामं ठेवू या."

"का?"

"अहो, का म्हणजे? नात्यातलं माप म्हणून उडवतील. तुमच्या वहीत नाव नाही. कुणाला कळणार आहे?"

मी अगदी मनापासून सांगत होते. इतकी वर्षं थांबून हातात आलेलं एकुलतं एक मत, आणि तेही स्वतःच्या हातानं घालवायचं? साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. शाळेतल्या मुलासारखे खुर्चीत सरळ बसले.

"लिहा. पत्नी."

मी लिहिलं. काय करणार?

पुढचा महिना त्यांचा कसा गेला, मला विचारा. जिन्यात भेटले तर नजर चुकवायचे. पालुपद बंद झालं. सासूबाई एकदा मुद्दाम त्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आज ऊन फार आहे बाई!" साहेब नुसतं "हो" म्हणून वर निघून गेले. सासूबाईंना ते भलतंच लागलं. "अगं, बघ काय झालंय त्याला," त्या मला दिवसातून दोनदा सांगायच्या. मी काय बघणार? मलाच रात्रंदिवस वाटत होतं, मी तो रकाना जबरदस्तीनं रिकामा ठेवायला हवा होता.

आणि एका सकाळी त्यांचा फोन आला. घर वरच्या मजल्यावर, पण फोन. "ताई, वर येता का? पत्र आलंय. मी उघडलेलं नाही."

मी तशीच हात पुसत वर गेले. त्यांच्या घरात मी पहिल्यांदाच जात होते. दोनच खोल्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी शीलाबाईंचा फोटो. हसऱ्या बाई होत्या. टेबलावर कॉम्प्युटर चालू, पडद्यावर पत्राची ओळ, आणि साहेब त्याच्यापासून चार पावलं लांब, बूट घालून उभे.

मी उघडलं. इंग्रजीत होतं. मी आधी मनात वाचलं.

"काढलं?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "थांबा, मराठीत सांगते." आणि जमेल तसं वाचू लागले. "आपला नकार समितीने विचारात घेतला. आपण नाते स्वतःहून नमूद केले, याबद्दल समिती आभारी आहे. माप क्रमांक एक चुकीचे असल्याचे आढळत नाही. ते यादीत कायम ठेवण्यात येत आहे. हात दुखणाऱ्या आणखी व्यक्तींची मापे घेतल्याशिवाय झाकणाचा आकडा ठरवला जाणार नाही. हे काम आपण कराल का?"

साहेब पुढे आले. खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "चुकीचे असल्याचे आढळत नाही. असंच लिहिलंय?"

"असंच लिहिलंय."

"पुन्हा वाचता?"

मी पुन्हा वाचायला सुरुवात केली. मला रडू फुटत होतं, त्यामुळे आवाज बारीक निघत होता. एक ओळ झाली असेल-नसेल, साहेबांनी मला थांबवलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते. फोटोकडे पाहत होते.

"जरा मोठ्यानं वाचा नं, ताई. शेवटी शेवटी तिला कमी ऐकू यायचं."

मी डोळे पुसले आणि खणखणीत आवाजात पहिल्यापासून सगळं वाचलं.